मोठी पेटी आणि खिशातली डबी

आजचा विषय वाचून कित्येकांस नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानांत शिवकाल यावा, संतवाङ्मय यावे, फार तर आमच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा इतिहास यावा; कॅमेरा मोठा घ्यावा की लहान, ह्याचा इतिहास कशासाठी? कारण असे की, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांत आम्ही जे थोडेफार काम करतो, त्यात हा प्रश्न आमच्यापुढे रोकड्या स्वरूपात उभा राहिला. वर्गणीतून उरलेल्या रकमेत एकच वापरलेला कॅमेरा येत होता. एक होता आरशाचा, भिंग बदलता येण्याजोगा, ज्याला डीएसएलआर म्हणतात त्या जातीतला, अगदी प्राथमिक प्रतीचा आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. दुसरा खिशात मावणारा, चपटा. मंडळींत दोन तट पडले आणि वाद रंगला. त्या वादात जे जे बोलले गेले, ते ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी ना कोणी बोलून गेलेले होते, हे आम्हांस पुढे पुस्तके चाळताना दिसून आले.

छायाचित्रणाची कला 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले छायाचित्रकार. ही सगळी मंडळी शहरातली, सुस्थितीतली. आणि ते साहजिकच होते, कारण यंत्रच तसे होते. 1851 साली आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या काचेची रीत काढली. काचेवर रसायन ओतावयाचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्याच्या आत, म्हणजे पाव तासाच्या सुमारास, अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाची. म्हणजे चित्र काढावयाचे तर प्रयोगशाळा बरोबर बाळगली पाहिजे. सॅम्युएल बोर्न 1863 साली हिमालयात गेला तेव्हा त्याच्या पेट्या, काचा, बाटल्या आणि तंबू वाहावयास तीसच्या सुमारास हमाल होते. बोर्नची चित्रे जगभर नावाजली गेली. हमाल मध्येच सोडून जातात, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. हमालांची तक्रार मात्र कोणी लिहिलेली नाही. आमच्यासारख्याची नजर आधी तिकडेच जाते, त्याला इलाज नाही.

मोठी पेटी कोणाच्या हाती होती, हे पाहावयाचे तर 1868 ते 1875 ह्या काळात निघालेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ ह्या नावाचे आठ खंड पाहावेत. सरकारी आश्रयाने तयार झालेल्या त्या ग्रंथात जातीजमातींच्या माणसांची चारशेंहून अधिक चित्रे आहेत. त्यांतला माणूस ताठ बसलेला किंवा उभा. त्याच्या खाली जातीचे नाव आणि स्वभावाविषयी साहेबाचे मत. स्वतः त्या माणसाला बोलावयास जागा नाही. बसणाऱ्याच्या मनात यंत्राविषयी भय असे, ते काही निव्वळ अडाणीपणाचे नव्हते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्यास छायाचित्रणाचा धंदा करीत, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई तेथे उठली आणि धंदा बसला. शक्ती शोषली जात नाही हे खरे. पण पेटीमागचा माणूस आपल्याकडून काहीतरी घेऊन जातो आणि परत काही देत नाही, एवढे लोकांनी ओळखले होते.

मग लहान कॅमेरा आला. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने 1888 साली कोडक काढला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे, किंमत पंचवीस डॉलर. गुंडाळी संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. 1900 साली त्याच कंपनीचा ब्राउनी आला, पुठ्ठ्याचा डबा, किंमत एक डॉलर. चित्र सुमार येई. परंतु ज्याच्या घरी कधी चित्रकार आला नसता, त्याच्या घरच्या लेकरांची चित्रे त्या डब्याने काढली. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराने चित्रपटाची फीत वापरून एक लहानसा कॅमेरा बनविला. तो दमेकरी होता, जड पेट्या घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे, असे सांगतात. त्याचा लायका 1925 साली बाजारात आला आणि 24 बाय 36 मिलिमीटरचे चित्र हे पुढे साऱ्या जगाचे माप ठरले. आमच्याकडे हे लोण सावकाश पोचले. बडोद्यास तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री ज्यांनी वापरला आहे, अशी मंडळी आज सभेत असतील. एका गुंडाळीत बारा चित्रे आणि प्रत्येक चित्रागणिक काळजी. 1980 नंतरच्या दशकात हॉट शॉट आला आणि लग्नातली मामामंडळी छायाचित्रकार झाली.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की मोठा कॅमेरा साहेबाचा आणि लहान कॅमेरा गरिबाचा, तेव्हा निवाडा झाला. आमच्यातल्या लहान कॅमेऱ्याच्या पक्षाचे म्हणणे हेच होते. आम्हांस मात्र ह्या हिशेबात लुईस हाइन बसविता येईना. अमेरिकेतल्या बालमजुरीविरोधी समितीसाठी 1908 पासून ह्या शिक्षकाने गिरण्यांत, खाणींत, काचेच्या कारखान्यांत शिरून मुलांची चित्रे काढली. त्याचा कॅमेरा पाच बाय सात इंच काचेचा, म्हणजे चांगलीच पेटी, आणि उजेडासाठी पेटवावयाची भुकटी. दारात शिरकाव मिळावा म्हणून तो कधी विमेदार होई, कधी पोस्टकार्डे विकणारा होई. मुलाची उंची आपल्या अंगरख्याच्या कितव्या गुंडीपर्यंत येते ते तो मनात धरी आणि खिशातल्या हाताने वहीत टिपून घेई. चित्रासोबत नाव, वय, काम आणि गाव. मालक लोक म्हणत, ही मुले आमची नव्हेत. हाइनची काच आणि हाइनची वही मिळून त्यांना उत्तर देत. अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी निर्बंध घालणारा कायदा 1938 साली झाला. तेव्हा पेटी मोठी असणे हा काही गुन्हा नव्हे. ती कोणासाठी उघडली जाते, हे पाहावयाचे.

आपल्याकडेही हे घडले आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना ह्या तरुणाने काढलेली चित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ ह्या मुंबईहून निघणाऱ्या पत्रात छापली गेली आणि भुकेचे आकडे ज्यांना हलवू शकले नव्हते त्यांना त्या चित्रांनी हलविले. आमच्या विदर्भातले, अकोल्याचे सुधारक ओलवे ह्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर गटारांत आणि कचऱ्याच्या ढिगांवर हिंडून त्यांची चित्रे काढली. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही चित्रे पाहताना कॅमेरा लहान होता की मोठा, हे विचारण्याचे भान राहात नाही.

आता आमच्या फळीवर येऊ. शहरातून आलेल्यांसाठी सांगतो: पुडे मोजून घेण्याची जी जागा, तिला आमच्या भागात फळी म्हणतात. पहाटे जंगलात जावयाचे, दुपारपर्यंत घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि उन्हे उतरल्यावर फळीवर न्यावयाचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शी मोजतो, काही पुडे खराब म्हणून बाजूला टाकतो. ते बाजूला टाकलेले पुडे पुढे जातात कोठे, मजुरांच्या वहीत ते दिसत का नाहीत, असा वाद बहुधा दर हंगामात कोठे ना कोठे होतो. चित्र हवे ते ह्यासाठी. आणि फळी भरते संध्याकाळी, उजेड मावळताना.

येथे मोठ्या कॅमेऱ्याची बाजू उघड होते. प्राथमिक प्रतीच्या डीएसएलआरमधला उजेड टिपणारा तुकडा सुमारे 23 बाय 15 मिलिमीटरचा असतो. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यातला 6 बाय साडेचार मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढून पाहा, बारापटीचे अंतर पडते. पाऊस सारखाच पडला तरी धानाच्या बांधीत साचणारे पाणी आणि परातीत साचणारे पाणी ह्यांत जो फरक, तोच हा. सातच्या सुमारास परातीतले चित्र दाणेदार होते, पुडे मोजता येत नाहीत. दुसरे म्हणजे, मेच्या उन्हात पाठीमागचा काचेचा पडदा दिसत नाही; मोठ्या कॅमेऱ्यात आरशातून थेट भिंगातले दृश्य डोळ्याला दिसते आणि त्याला वीजही जवळपास लागत नाही. म्हणून एका भरणीत चार-पाचशे चित्रे निघतात. लहान कॅमेऱ्याचे पुढे येणारे नळकांडे धुळीत अडकले की तो दुरुस्त करण्यापेक्षा टाकणे स्वस्त पडते, आणि आमच्या वाटांवर धूळ किती उडते ते सांगावयास नको.

उलट बाजूही खरी आहे. मोठा कॅमेरा गळ्यात घालून गेलो की मुन्शी सावरून बसतो, बाया पदर सावरतात, पोरे गोळा होतात आणि जे टिपावयाचे ते तेवढ्यात होऊन जाते. शिवाय असे यंत्र एकट्या हुशार मुलाच्या ताब्यात जाते. तो शिकतो, इतरांना हात लावू देत नाही, आणि वर्षभरात संघटनेचा कॅमेरा त्याचा कॅमेरा होतो. मग आम्ही बोर्नच्या जागी त्याला बसविले आणि बाकीचे पुन्हा हमाल, एवढाच फरक उरतो. लहान डबी बाईच्या पिशवीत जाते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आमच्या मते हा मुद्दा भिंगाच्या सगळ्या गुणांपेक्षा भारी आहे.

मोबाईल आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि नोंदीसाठी तो उपयोगी आहेच. परंतु एका मोबाईलवरून दुसऱ्यावर धाडलेले चित्र दाबून लहान केले जाते, त्याची मूळ तारीख-वेळ बहुधा निघून जाते, आणि मोबाईल मालकाबरोबर गाव सोडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली यांत्रिक नोंद पुरावा म्हणून द्यावयाची तर प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वीच्या कायद्यात 65ब कलमाखाली हीच गोष्ट होती. चित्र कोणत्या यंत्राने, कोणाच्या ताब्यात असताना काढले हे सांगता आले पाहिजे. दहा जणांच्या हातून फिरून आलेल्या चित्राबद्दल हे सांगणे कठीण.

वादाचा निकाल तत्त्वाने लागला नाही, बाजाराने लावला. आणि ह्यातच इतिहासाची एक मोठी गंमत आहे. दीड शतक मोठी पेटी श्रीमंताची आणि लहान डबी गरिबाची होती. 2003 साली कॅननने हजार डॉलरच्या आत पहिला डीएसएलआर दिला तेव्हाही तो सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. पुढे मोबाईलने सगळाच धंदा खाल्ला. जगात 2010 साली सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 साली ती संख्या एक कोटीच्याही खाली होती. आरशाचे कॅमेरे मागे पडून बिनआरशाचे आले. निकॉनने आपला शेवटचा प्राथमिक डीएसएलआर, डी 3500, 2022 साली बंद केला. परिणामी शहरातले हौशी लोक जुने मोठे कॅमेरे मिळेल त्या किमतीला काढू लागले. आणि त्याच सुमारास शहरातल्या तरुण मुलांना जुन्या खिशातल्या कॅमेऱ्यांचे वेड लागून त्यांचे भाव चढले. त्यांतही ज्यांचा तुकडा थोडा मोठा आहे असे चांगले लहान कॅमेरे, 2012 च्या सोनीच्या आरएक्स 100 सारखे, आमच्या वर्गणीच्या पलीकडे गेले. तेव्हा मोठी पेटी आज गरिबाची झाली आहे आणि डबी हौशी माणसाची. ईस्टमनला हे सांगितले असते तर त्याने विश्वास ठेवला नसता.

आम्ही मोठा घेतला. मात्र ठरावात लिहून घेतले की तो कोणा एकाच्या घरी राहावयाचा नाही, आणि हंगामाच्या आधी निदान तीन जणी तो चालविण्यास शिकलेल्या असल्या पाहिजेत. पहिल्या बाईने तो डोळ्याला लावला आणि विचारले, एवढी जड वस्तू पुरुषांच्या मापाने केली आहे काय? प्रश्न वाजवी होता. डोंगर न चढवणाऱ्या बार्नाकने आणखी निराळ्या शब्दांत तोच विचारला होता.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांस दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. भिंग उजेडाकडे धरून आतून पाहावे. आमच्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि ती भिंगाची पॉलिश खाते. निकॉनच्या प्राथमिक यंत्रांत, डी 40 पासून पुढे, भिंग फिरविणारी मोटर नाही, म्हणून त्या कंपनीचे फार जुने भिंग स्वस्तात मिळाले तरी ते हातानेच फिरवावे लागेल. चार्जर मूळचा आहे का ते विचारावे. आणि सर्वांत आधी घड्याळ तपासावे. जुन्या यंत्राच्या पोटात तारीख सांभाळणारा एक लहान सेल असतो. तो संपला की मोठी बॅटरी काढताच तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाला जाऊन बसते. यंदाच्या फळीचे चित्र पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेचे निघाले तर समोरचा वकील एवढ्यावरच उभा राहील. म्हणून आमच्याकडे रोजच्या पहिल्या चित्रात त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे पहिले पान घ्यावयाचे असे ठरले आहे, आणि चित्रे साठविलेले कार्ड पुसावयाचे नाही. ते भरले की लिफाफ्यात घालून वर फळीचे नाव, तारीख आणि चित्र काढणारीची सही घ्यावयाची.