तरफेची कारबाइन

तरफेची कारबाइन : चापाच्या कड्याला जोडलेली तरफ खाली ओढून पुन्हा वर घेतली असता रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे काडतूस नळीत बसते व घोडा चढतो, अशा आखूड नळीच्या बंदुकीस तरफेची कारबाइन म्हणतात. काडतुसे नळीखालच्या लांबट पोकळीत एकापुढे एक अशी भरलेली असतात. मराठीत कराबीन, कडाबीन ही रूपे जुनी आहेत. ती रुंद तोंडाच्या घोडेस्वारी बंदुकीलाही लावीत. आज वर्तमानपत्रांतून ‘कारबाइन’ या शब्दाने बहुधा पोलिसांची ९ मिमी. व्यासाची स्वयंचलित बंदूक अभिप्रेत असते. तिचा प्रस्तुत बंदुकीशी रचनेच्या दृष्टीने संबंध नाही. पिस्तुलाचे काडतूस आखूड बंदुकीतून उडवावयाचे, एवढीच कल्पना दोहोंत समान आहे.

या प्रकाराची पहिली यशस्वी बंदूक अमेरिकेत बेंजामिन टायलर हेन्री याने तयार केली (१८६०). तिच्या पोकळीत धातूच्या कवचाची १६ काडतुसे मावत. पुढे विंचेस्टर कंपनीने बाजूने काडतुसे भरण्याची सोय असलेला १८६६ चा व त्यानंतर १८७३ चा नमुना बाजारात आणला. १८७३ च्या नमुन्याचे काडतूस कोल्ट कंपनीने १८७८ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरला लागू केले. त्यामुळे कमरेच्या रिव्हॉल्व्हरला व खोगिराला अडकविलेल्या कारबाइनला एकाच पट्ट्यातील काडतुसे चालू लागली. दुकानापासून कित्येक मैल दूर राहणाऱ्या गुराख्याला ही सोय नेमबाजीतील अचूकपणाहून मोलाची वाटली, यात नवल नाही. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे रशियन सैन्याविरुद्ध लढताना तुर्कांनी लांब पल्ल्यासाठी पीबॉडी-मार्टिनी व जवळच्या माऱ्यासाठी विंचेस्टर अशी वाटणी केली होती. तथापि मोठ्या सैन्यांनी ही बंदूक सहसा स्वीकारली नाही. सुरुवातीच्या नमुन्यांची सांधेदार यंत्रणा प्रबळ काडतूस सोसत नसे आणि पालथे पडलेल्या शिपायाला खाली उघडणारी तरफ ओढणे अवघड जाई. यंत्रणेचा पहिला दोष जॉन ब्राउनिंगच्या १८८६ च्या नमुन्याने दूर केला. ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री हीही तरफेनेच उघडे; परंतु ती एकबारी होती. तिच्या नावातील हेन्री हा एडिंबरोचा अलेक्झांडर हेन्री होय, अमेरिकन हेन्री नव्हे. या दोघांची गल्लत वारंवार होते.

०·३५७ मॅग्नम (१९३५) व ०·४४ मॅग्नम (१९५५) ही रिव्हॉल्व्हरची काडतुसे निघाल्यावर या जुन्या बंदुकीस नवे आयुष्य लाभले. ०·३५७ मॅग्नमचे कवच ०·३८ स्पेशलपेक्षा सुमारे ३ मिमी. लांब ठेवलेले आहे. जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये ते बसू नये, हा त्यामागील हेतू. उलट मॅग्नमच्या बंदुकीत ०·३८ चे सौम्य व स्वस्त काडतूस उडविता येते. लांब नळीत दारू अधिक पूर्णपणे जळत असल्याने रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे १,२०० फूट वेगाने जाणारी गोळी कारबाइनमधून १,७०० फुटांच्या आसपास वेग घेते. ०·४४ ची गोळी अधिक जड असून तिचा धक्काही अधिक जाणवतो. निवड करताना नळीची लांबी (साधारणपणे १६ ते २० इंच), वजन व रिकामे कवच वरून पडते की बाजूने, हे पाहतात. दुर्बीण बसवावयाची तर बाजूचे पडणे सोयीचे. टोकदार गोळी मात्र वर्ज्य समजतात, कारण तिचे टोक पुढील काडतुसाच्या स्फोटक टोपीवर टेकून पोकळीतच स्फोट होऊ शकतो. या गोष्टी गौण नव्हेत. तरीही निवड होते ती मुख्यतः काडतुसाची. बंदूक तिच्या मागून येते.

काडतूस निवडण्याचा अधिकार ग्राहकाकडे नसेल तर काय होते, हे खानदेशाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास त्याने शिकारीच्या निमित्ताने मिळविला. १८३४ पर्यंत १९१ वाघांच्या शिकारीत त्याचा भाग होता व त्या ठासणीच्या बंदुकांनी झाल्या, म्हणजे बार फुकट गेला तर दुसरा भरण्यास उसंत नसे. सोबतच्या भिल्लांचे मूळ हत्यार तीरकमठा. १८५७ च्या उठावात खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल लढले व ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे त्यांचा मोड झाला. या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची पद्धत देशभर कायम केली. अमेरिकेत रिव्हॉल्व्हर व कारबाइन यांचे काडतूस एक झाले तेही याच वर्षी.

यापुढे सरकारचे लक्ष बंदुकीइतकेच तिच्या व्यासावर राहिले. १९०७ च्या सुमारास ०·४५० व्यासावर बंदी आली, तेव्हा इंग्रज कारखानदारांनी भारतातील शिकाऱ्यांसाठी ०·४६५ व ०·४७० ही नवी काडतुसे काढली. लष्करी ०·३०३ खाजगी व्यक्तीस वर्ज्य ठरल्याने ऑस्ट्रियन मानलिखरच्या काडतुसावर आधारलेली ०·३१५ रायफल येथे रूढ झाली. इतकेच नव्हे, तर पोलिसांना दिलेल्या काही ०·३०३ बंदुकांची नळी गुळगुळीत करून त्या ०·४१० व्यासाच्या एकबारी मस्केटमध्ये बदलल्या, की लष्कराचे काडतूस त्यांत चालू नये. मॅग्नमच्या निर्मात्यांनी दुर्घटना टाळण्यासाठी जे केले तेच येथे अविश्वासापोटी झाले.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या अधिनियमाने ही चौकट बरीचशी राखली. त्याच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी वा शिकारीसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा खास उल्लेख आहे. विनापरवाना नळी आखूड करणे हा सहाव्या कलमानुसार अपराध ठरतो. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद झाली. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यात पूर्णा-तापीच्या काळ्या रानात केळी व कापूस होतो, तर वढोद्याच्या जंगलात वाघ आहे. तेथील शेतकऱ्याला रानडुकरे व रोही यांचा उपद्रव नेहमीचा; त्यांना मारण्यासही वनखात्याची लेखी परवानगी लागते. परदेशी कारबाइन त्याला केवळ चित्रपटातून ठाऊक.

याच महामार्गावर भुसावळच्या दिशेने वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे असून तेथे सैन्यासाठी ५·५६ व ७·६२ मिमी. व्यासाची काडतुसे तयार होतात. तालुक्यातील परवानाधारकाच्या बंदुकीत त्यांपैकी एकही बसत नाही.