मरूनांचा तह

जमैकाच्या उसाच्या मळ्यांतून पळालेल्या काळ्या गुलामांनी ब्लू माउंटन्सच्या रानात वस्त्या केल्या. त्यांना मरून म्हणत. पाऊस सतत, जमीन उताराची, वाटा निसरड्या. कोनफळे लावायची, रानडुक्कर मारायचे, मांस धुरावर टिकवायचे. गाईच्या शिंगाचे ‘अबेंग’ फुंकले की गोरे शिपाई निघाल्याची वर्दी डोंगरभर जाई. नॅनी ही त्यांची पुढारी. १७३४ साली इंग्रजांनी नॅनी टाऊन घेतले, तरी लढा थांबला नाही.

१७३९ साली इंग्रजांनी तह केले. मरूनांना जमीन मिळाली, स्वातंत्र्य मिळाले. आपल्या सभांतून कथा सांगायची तर इथवरच सोयीची! कारण तहात कलम होते : यापुढे पळून येणारा गुलाम धन्याकडे परत करायचा, बंड मोडायला सरकारला मदत करायची. लढून जे जमले नाही ते इंग्रजांनी या कलमाने साधले. मळ्यातल्या गुलामाला डोंगर बंद झाला. १७६० च्या बंडाचा नेता टॅकी मरूनाच्याच गोळीने पडला. १८६५ साली पॉल बोगलला मूर टाऊनच्या मरूनांनी पकडून दिले. सरकारने त्याला फाशी दिले.

त्यांना सरसकट फितूर म्हणणे मला पटत नाही. ऐंशीएक वर्षे पाठलाग आणि जाळलेली पिके सोसून ते तहाला आले होते.

१७९५ साली पश्चिमेकडच्या ट्रेलॉनी टाऊनच्या दोन मरूनांना डुकरे चोरल्याबद्दल फटके मारले गेले. मारणारा गुलाम पूर्वी मरूनांनीच पकडून दिलेला. त्यातून युद्ध पेटले. हद्दपार करणार नाही, या शब्दावर त्यांनी शस्त्रे ठेवली. १७९६ साली त्यांना जहाजात घालून नोव्हा स्कोशियाच्या बर्फात धाडण्यात आले.