बोलकी पुस्तके
अंधांना ऐकून वाचता यावीत म्हणून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके. अमेरिकेत १९३४ मध्ये ती तबकड्यांवर मिळू लागली. पुढे ध्वनिफिती आल्या. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (स्थापना १९५२) या संस्थेने अशा पुस्तकांचे ग्रंथालय चालविले. फितीवरील पुस्तक घरी नेता येई. परंतु हवे ते पान शोधण्यासाठी फीत पुढेमागे फिरवीत बसावे लागे. विद्यार्थ्यांची त्यामुळे विशेष अडचण होई. डेझी या अंकीय प्रणालीने (डेझी संघाची स्थापना १९९६) प्रकरण वा पान थेट गाठणे आणि खूण ठेवणे शक्य झाले. खिशात मावणाऱ्या वाचनयंत्रात स्पर्शाने ओळखू येणारी बटणे, वाचनगती बदलण्याची व थांबलेल्या जागेपासून पुढे ऐकण्याची सोय अपेक्षित असते. बोरिवली वा मुलुंडहून लोकलने जाणाऱ्या वाचकास भोवतालचे आवाजही ऐकू येणे आवश्यक असते. पुस्तकातील जागा स्वतः शोधता आली, म्हणजेच श्रवणाचे वाचन होते.