शिशाची नर्स

माझ्या तपासणीच्या टेबलावर काचेच्या पेटीत जेमतेम दोन इंचांची एक नर्स उभी आहे. राखाडी झगा, खांद्यांवर लाल केप. लहान मुले ती हातात मागतात आणि मी दर वेळी नाही म्हणतो. काही पालकांना हा चिक्कूपणा वाटतो. म्हणून हा खुलासा.

ही नर्स ब्रिटिश बनावटीची आहे. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी पोकळ खेळणी ओतण्याची पद्धत काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, बाहेरचा थर गोठला की आतले शिसे परत ओतून काढायचे. खेळणे हलके आणि स्वस्त होई. सैनिकांपाठोपाठ लष्करी डॉक्टर, स्ट्रेचर वाहणारे, जखमी आणि नर्सही आल्या. त्यांचा वेश काल्पनिक नव्हता. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश लष्करी परिचारिका दलाचा तो खरा गणवेश होता. त्यामुळे संग्राहकांसाठी ही खेळणी म्हणजे वैद्यकीय सेवेचा छोटा इतिहासच आहे.

पण त्याच काळात दुसराही इतिहास घडत होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डॉ. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की तिथल्या मुलांना होणारी शिशाची विषबाधा घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगातून येते. रंगाची भुकटी बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. तरीही शिशाची खेळणी बनतच राहिली. ब्रिटन कंपनीने ती १९६६ मध्ये थांबवली. प्लॅस्टिकने त्यांची जागा घेतली.

पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते. रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठता होऊ शकते. मात्र बरेचदा बाहेरून काहीच दिसत नाही आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होत राहतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

संग्राहकांना जुना, मूळ रंग सर्वांत मोलाचा वाटतो. नेमका तोच रंग टवके होऊन निघतो. घरात अशी खेळणी असतील तर :

• मुलांच्या हाती देऊ नका.
• रंग खरवडू नका, पॉलिश पेपरने घासू नका, घरी वितळवू नका.
• लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. फुंकू किंवा झटकू नका.
• हाताळल्यावर साबणाने हात धुवा.
• मुलाने असे खेळणे चोखले किंवा टवका गिळला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

तोवर आमची नर्स काचेतच बरी. मुलांसाठी माझ्या खणात जुना स्टेथोस्कोप ठेवलेला आहे.