आयल ऑफ वाइट येथील रॉक संगीत महोत्सव (१९६८-१९७०) : समुद्र, टेकडी आणि कायदा

प्रस्तावना

१९६० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील रॉक संगीत बंदिस्त सभागृहांतून बाहेर पडून मोकळ्या मैदानांवर आले. या स्थित्यंतराचा विचार करताना अमेरिकेतील १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचा उल्लेख हमखास होतो. त्या मानाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आयल ऑफ वाइट या बेटावर १९६८ ते १९७० या काळात भरलेल्या तीन उन्हाळी महोत्सवांकडे आपल्याकडील अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १९७० चा महोत्सव म्हणजे एका पिढीच्या आदर्शांचा शेवट, असे त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. मोकळ्या आकाशाखालील संगीताला सीमा कोणी आणि कशी घालावी, हा या महोत्सवातील खरा प्रश्न होता. समुद्र, कुंपण आणि कायदा या तीन सीमांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

महोत्सवाची वाढ

आयल ऑफ वाइट हे बेट सोलेंट या सामुद्रधुनीमुळे इंग्लंडच्या मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे. १९७० च्या सुमारास तेथील लोकसंख्या साधारण १ लाख होती. सहलीला येणारे पर्यटक आणि निवृत्तीनंतर स्थायिक झालेले लोक यांमुळे बेटाचे जीवन संथ व शिस्तीचे होते. अशा ठिकाणी रॉनी, रे आणि बिल फोक या बंधूंनी ३१ ऑगस्ट १९६८ रोजी गॉडशिल गावाजवळील शेतात पहिला महोत्सव भरवला. जलतरण तलावासाठी निधी उभारणे हा त्यामागील एक हेतू होता. अमेरिकेतील 'जेफरसन एअरप्लेन' हा वाद्यवृंद त्याचे मुख्य आकर्षण होता आणि सुमारे १० हजार श्रोते आले होते.

पुढील वर्षी, वुडस्टॉकनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, वूटन येथे दुसरा महोत्सव झाला. १९६६ मधील मोटारसायकल अपघातानंतर मोठ्या मंचापासून दूर राहिलेल्या बॉब डिलनने तेथे गायन केले आणि श्रोत्यांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. एका वर्षातील ही वाढ आयोजकांना उत्साह देणारी होती. स्थानिक रहिवाशांना मात्र ती चिंतेची वाटली. त्यांच्या विरोधामुळे १९७० च्या महोत्सवासाठी जागा मिळवणे कठीण गेले. अखेर बेटाच्या पश्चिम भागात, फ्रेशवॉटरच्या उपसागराजवळ, ईस्ट ॲफ्टन फार्म ही जागा निश्चित झाली.

पहिली सीमा : समुद्र

बेटावर यायचे तर बोटीनेच यावे लागे. त्यामुळे समुद्र ही एक नैसर्गिक सीमा होती. १९७० च्या उपस्थितीबद्दल ६ लाख किंवा त्याहून मोठा आकडा वारंवार दिला जातो. आयोजकांपैकी रे फोक यांनी मात्र नंतर तो निम्म्यावर आणला आहे. ६ लाख लोक पाच दिवसांत आले असे मानल्यास रोज सरासरी १ लाख २० हजार, म्हणजे बेटाच्या एकूण लोकसंख्येपेक्षा अधिक लोकांना बोटींनी वाहून नेले असे मानावे लागेल, आणि तितक्यांनाच परतही नेले असे म्हणावे लागेल. हे संभवनीय वाटत नाही. अर्थात, निम्मा आकडा ग्राह्य धरला तरी स्थानिक लोकसंख्येच्या तिप्पट पाहुणे होतात. रहिवाशांची भीती केवळ पूर्वग्रहातून आली होती असे म्हणूनच म्हणता येत नाही. पाणी, स्वच्छता आणि वाहतूक यांवर पडणारा ताण खरा होता. उपसागरात तरुण-तरुणींनी केलेल्या विवस्त्र समुद्रस्नानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत गाजली. तथापि मूळ प्रश्न नीतीपेक्षा व्यवस्थेचा अधिक होता.

दुसरी सीमा : कुंपण

२६ ऑगस्ट १९७० रोजी सुरू झालेल्या या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स, 'द हू', 'द डोअर्स', माइल्स डेव्हिस, जोन बाएझ, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन असे नामवंत कलावंत सहभागी झाले. पूर्ण महोत्सवाचे तिकीट ३ पौंड होते. मैदानाभोवती पत्र्याचे कुंपण घालून पहारेकरी नेमण्यात आले. परंतु मैदानाला लागूनच ॲफ्टन डाउन ही टेकडी होती. तिच्या उतारावरून मंच दिसत असे आणि संगीतही ऐकू येत असे. साहजिकच तिकीट न काढता हजारो लोकांनी तेथेच मुक्काम ठोकला. डिलनच्या एका गीतावरून या वस्तीला 'डेसोलेशन रो' असे नाव पडले. जे टेकडीवरून विनामूल्य मिळत होते, त्यासाठी खाली पैसे का मोजावेत, असा प्रश्न निर्माण झाला आणि काही गटांनी कुंपणावर हल्ले केले. जोनी मिचेलच्या गायनात एका व्यक्तीने मंचावर येऊन व्यत्यय आणला, तेव्हा तिला श्रोत्यांना शांततेची विनवणी करावी लागली. शेवटच्या टप्प्यात आयोजकांनी महोत्सव सर्वांना खुला केल्याचे जाहीर केले.

'संगीत फ्री असावे' ही आंदोलकांची मागणी होती. या इंग्रजी शब्दात 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. मराठीत ते वेगळे असल्यामुळे वादातील दोन प्रश्न वेगळे करून पाहता येतात. संगीत मुक्त असावे हा विचार आयोजक, कलावंत आणि आंदोलक या सर्वांनाच मान्य होता. ते मोफत असावे, म्हणजेच मंच, ध्वनियंत्रणा, पाणी, शौचालये आणि मानधन यांचा खर्च दुसऱ्या कोणी सोसावा, यावर एकमत होणे शक्य नव्हते. आंदोलकांनी दोन्ही अर्थ एक मानले. आयोजकांनी मात्र मुक्ततेची भाषा वापरली आणि तिच्याभोवती पत्र्याचे कुंपण उभारले. संघर्षाचे मूळ या विसंगतीत होते.

तिसरी सीमा : कायदा

महोत्सवात आयोजकांना आर्थिक फटका बसला. हेंड्रिक्सचे १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये निधन झाल्याने या घटनेला शोकात्म छटाही लाभली. तथापि दीर्घकालीन परिणाम कायद्याचा झाला. बेटाचे संसद सदस्य मार्क वुडनट यांनी नियंत्रणाचा आग्रह धरला आणि १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने या बेटापुरता कायदा संमत केला. त्यानुसार ५ हजारांहून अधिक लोकांच्या रात्रभर चालणाऱ्या उघड्यावरील मेळाव्यास विशेष परवाना आवश्यक ठरला. ही बंदी नव्हती, पण व्यवहारात तिचा परिणाम बंदीसारखाच झाला. असेच निर्बंध देशभर लागू करू पाहणारे 'नाइट असेंब्लीज' विधेयक १९७२ मध्ये मात्र मंजूर होऊ शकले नाही. बेटावरील अनुभवावरून सर्वत्र लोकांच्या एकत्र येण्याच्या हक्कावर मर्यादा घालणे संसदेला मान्य झाले नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

समारोप

आयल ऑफ वाइटचा महोत्सव ३२ वर्षांनी, २००२ मध्ये, पुन्हा सुरू झाला. मेदिना नदीच्या काठावरील न्यूपोर्ट येथील सीक्लोज पार्कमध्ये तो स्थानिक प्रशासनाच्या सहकार्याने भरू लागला. आता तेथे तिकीट आहे, कुंपण आहे आणि परवानाही आहे. त्याविरुद्ध १९७० सारखा उद्रेक मात्र झालेला नाही. व्यवस्था सुधारली, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, संगीत सर्वांचे असावे ही अपेक्षा श्रोत्यांनीच सोडून दिली. पहिल्या बदलाचे स्वागत करताना दुसऱ्याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. ॲफ्टन डाउनवर बसलेल्या श्रोत्यांचे उत्तर चुकीचे असेल. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही.