घटकेत मावळणारा सूर्य : ओपन वर्ल्ड गेममधल्या दिवस-रात्रीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा तर पोरासोरांचा विषय. गेममध्ये सूर्य उगवतो आणि मावळतो, यात इतिहास कसला आलाय? पण वारंगा फाट्यावर उभं राहून रात्रीबद्दल बोलायला दुसरं निमित्त शोधावं लागत नाही. नांदेडहून हिंगोली, अकोल्याकडे जाणारा रस्ता आणि नागपूर-तुळजापूर रस्ता इथे एकमेकांना भेटतात. गाव झोपतं, फाटा झोपत नाही. रात्री दोन वाजता कुणाची कामाची वेळ असते, कुणाची झोपेची, तर कुणाची वाट बघायची. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे : रात्र म्हणजे नुसता अंधार नव्हे. कुणी काय करायचं, याची वाटणी म्हणजे रात्र. ही साधी गोष्ट गेम बनवणाऱ्यांना हळूहळू कशी उमगली आणि त्यांची कुठली बाजू अजून बाकी आहे, ते आज बघू.

सुरुवात १९७६ सालापासून करू. अटारी कंपनीचा 'नाइट ड्रायव्हर' नावाचा गेम होता. त्यात रात्र का होती? कारण त्या काळच्या यंत्राला रस्ता, झाडं, डोंगर काढणं झेपत नव्हतं. म्हणून पडदा काळा ठेवला आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे खुंट तेवढे दाखवले. खुंट मोठे होत जवळ आले, की गाडी पळते आहे असं वाटायचं. म्हणजे गेममधल्या या पहिल्यावहिल्या रात्रींपैकी एक रात्र गरिबीतून आली. जे दाखवता येत नाही, ते अंधारात घालायचं.

१९८३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनचा 'एन्ड्युरो' आला. हाही गाड्यांचाच खेळ, पण यात दिवस पुढे सरकतो. उजेड असतो, मग बर्फ लागतं, संध्याकाळ होते, रात्र पडते, धुकं येतं आणि पुन्हा उजाडतं. पहिल्या दिवशी २०० गाड्या मागे टाकायच्या, नंतर रोज ३००. रात्र झाली की पुढच्या गाडीची आकृती जाते, मागचे दोन लाल दिवे तेवढे उरतात. या फाट्यावरून रात्री नांदेडकडे गाडी चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण 'एन्ड्युरो'त एक नवी गोष्ट घडली होती. इथे दिवस ही मुदत झाली. उजाडायच्या आत आकडा पुरा झाला नाही, तर खेळ संपला.

मग १९८४. इंग्लंडमध्ये माइक सिंगल्टन यांनी 'द लॉर्ड्स ऑफ मिडनाइट' केला. यात वाटणी स्पष्ट आहे. दिवस खेळणाऱ्याचा, रात्र शत्रूची. दिवसा तुम्ही आपल्या सरदारांना मजल दरमजल पुढे न्यायचं. संध्याकाळ झाली की त्यांचे पाय थांबतात. तुम्ही रात्र पडू दिली, की संगणक शत्रूच्या फौजा हलवतो. सकाळी उठून बघायचं, काय झालं ते. इथे अंधार हे चित्र नाही, पाळी आहे. एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं.

१९८७ मध्ये जपानच्या कोनामीने 'कॅसलव्हेनिया २' आणला. रात्र पडताना खेळ थांबतो आणि पडद्यावर तशी सूचना येते. रात्री राक्षस जास्त चिवट होतात, गावातली माणसं दारं लावून घेतात, दुकानं बंद. रंग बदलायची युक्ती त्या काळी सोपी होती. चित्रं तीच ठेवायची, फक्त रंगांची यादी बदलायची. निळ्या आकाशाच्या जागी काळा, हिरव्याच्या जागी गडद. नव्या चित्रांचा खर्च नाही. थोडक्यात, गावावर काळी चादर पांघरायची.

पण खरी उडी पडली ती १९८८ च्या 'अल्टिमा ५' मध्ये. रिचर्ड गॅरियट यांच्या या गेममधल्या गावकऱ्यांना दिनक्रम होता. सकाळी उठणं, कामावर जाणं, जेवणं, रात्री अंथरुणाला पाठ टेकणं. दुकानदाराला गाठायचं तर दुकानाच्या वेळेतच गाठावं लागे. लक्षात घ्या, सूर्य आधीच्या गेममध्येही मावळत होता. 'अल्टिमा ५'मध्ये तो मावळल्याचं इतरांनाही कळू लागलं.

इथे जरा आपल्याकडे येऊ. आपल्या भाषेत दिवसाच्या वेळांची नावं कशी पडली आहेत, ते पाहा. दिवेलागण. ती उजेडावरून नाही, दिवा लावण्याच्या कामावरून. गुरं घरी परततात ती गोरज वेळ. कासराभर दिवस वर आला, म्हणजे बैलाच्या कासऱ्याने आभाळ मोजलं. काकड्याची वेळ, शेजारतीची वेळ. शिवाय पहाट, झुंजूमुंजू, रामप्रहर, तिन्हीसांज, कातरवेळ. आणि आपल्याकडच्या अखंड हरिनाम सप्ताहात काय होतं? सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. त्यासाठी पहारे लावतात. अमक्याचा पहारा रात्री बारा ते दोन, तमक्याचा दोन ते चार. गॅरियट यांना कागदावर जे वेळापत्रक आखावं लागलं, ते आपल्या गावच्या मंदिरात भिंतीवर लावलेलं असतं. आणि त्यात रात्री दोन वाजताही कुणीतरी जागं असतं, तेही राक्षसाच्या भीतीने नव्हे.

आता येतो आजच्या विषयाचा गमतीचा भाग. गेममधला दिवस किती लांब असतो?

'जीटीए व्हाइस सिटी', २००२ सालचा गेम. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि नकली सीडीवर एका अख्ख्या पिढीने तो खेळला. त्यात आपला एक सेकंद म्हणजे तिथला एक मिनिट. म्हणजे तिथलं अहोरात्र आपल्या २४ मिनिटांत संपतं. आता २४ मिनिटं म्हणजे काय? म्हणजे एक घटका. तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र, पाण्यावर सोडायची. पाणी आत येत येत वाटी बुडाली, की घटका भरली. लग्नघरी मुहूर्त साधायला हे घटिकापात्र ठेवत. 'घटका भरली', 'घटकाभर बसा', 'शेवटच्या घटका मोजणं' हे सगळं त्या वाटीतून आलं. २०१३ सालच्या 'जीटीए ५' मध्ये दिवस ४८ मिनिटांचा आहे. ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका, म्हणजे एक मुहूर्त. २०११ चा 'स्कायरिम' : ७२ मिनिटं, तीन घटका.

यात चमत्कार काही नाही, कुणी पंचांग बघून गेम केलेला नाही. हिशेब सरळ आहे. आपल्या परंपरेत अहोरात्राचे ६० भाग केले, त्याला घटका म्हटलं. घड्याळात तासाचे ६० मिनिट आणि मिनिटाचे ६० सेकंद. गेमवाल्यांनी काळ साठपट पळवला, की अख्खा दिवस अहोरात्राच्या साठाव्या भागात, म्हणजे बरोबर घटकेत बसतो. ६० या आकड्याची माया आहे ती. पण साठपट का पळवला, याला मात्र कारण आहे. पोरगं अर्धा-पाऊण तास खेळायला बसतं. तेवढ्या बैठकीत त्याला सकाळ, दुपार, रात्र सगळं दिसलं पाहिजे. खऱ्या वेगाने चालवलं, तर संध्याकाळी सहानंतर खेळणाऱ्याला त्या जगाचा सूर्य कधीच दिसणार नाही.

खऱ्या वेगाचाही प्रयोग झाला आहे बरं का. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' मध्ये कॅसेटच्या आतच घड्याळ होतं, बॅटरीवर चालणारं. बाहेर रात्र तर आत रात्र. घुबडासारखा होथूट हवा, तर रात्री जागायचं. पुढे बॅटरी संपली की घड्याळही थांबलं आणि साठवलेला खेळही गेला. त्याच वर्षी सेगाचा 'शेनमू' आला. १९८६ सालचं योकोसुका शहर, दुकानं ठरल्या वेळी उघडणारी, माणसं ठरल्या वेळी भेटणारी. त्यात काळ पळवलेला होता, तरी खेळणाऱ्याला एखाद्या भेटीची वाट बघत उभं राहावं लागे. अनेक जण त्याला कंटाळले. गेममध्ये सगळं चालतं, वाट बघणं चालत नाही.

म्हणून शेवटी रात्र टाळायची सोय आली. 'माइनक्राफ्ट' मध्ये दिवस २० मिनिटांचा. त्यातली साधारण ७ मिनिटं पूर्ण रात्र. तिथला दिवस शून्यावर सुरू होतो तो सकाळी, पंचांगातल्या वारासारखा, मध्यरात्री नव्हे. रात्री अंधारात राक्षस उपजतात, उजाडलं की त्यातले झोंबी उन्हात जळतात. २०११ च्या सुरुवातीला त्यात पलंग आला. पलंगावर आडवं व्हायचं, की रात्र संपली. बरेच जण एकत्र खेळत असतील, तर मूळ नियमाप्रमाणे सगळ्यांनी आडवं व्हायला हवं. एक जरी जागा राहिला, तरी रात्र सगळ्यांची. आणि २०१८ मध्ये उलटी बाजूही आली. तीन दिवस झोपला नाहीत, तर आभाळातून फँटम नावाचे जीव झडप घालतात. जागरणाची शिक्षा!

याच्या शेजारी औंढा नागनाथची महाशिवरात्र ठेवून बघा. जिल्ह्यातलंच ज्योतिर्लिंग. त्या रात्री जागणं हेच व्रत, आणि पूजा चार प्रहरांची. गोंधळ रात्री, जागरण रात्री, भारूड रात्री. आपल्या परंपरेने रात्र टाळली नाही, भरून काढली. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला एकत्र बसायला रात्रच मोकळी होती, हेही त्याचं कारण.

पण रात्रीचं कौतुक इथे थांबवायला हवं, कारण सगळंच जागरण हौसेचं नसतं. मराठवाड्यात शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं आलटूनपालटून येते. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. पाळी रात्रीची असली, की हरभऱ्याला, गव्हाला पाणी रात्रीच द्यायचं. थंडी, चिखल, पायाखाली साप आहे की दोर ते कळत नाही. अशी रात्रीची आठ तासांची पाळी 'व्हाइस सिटी'त आठ मिनिटांत सरते. 'माइनक्राफ्ट'च्या वेगाने तर सात मिनिटांहून कमी. शेतातली मात्र आठ तासच घेते, आणि तिथे आडवं होऊन रात्र संपवायची सोय नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मधला तिचा दुसरा टप्पा, यांचा हेतू एका वाक्यात सांगायचा तर पिकाचं पाणी रात्रीच्या खान्यातून दिवसाच्या खान्यात टाकणं. वेळापत्रक बदलणं. गॅरियट यांनी एका गावाचं केलं ते काम, फक्त इथे माणसं खरी आहेत.

घड्याळ कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाची वेळ भारताची प्रमाणवेळ ठरली. मुंबईने मात्र आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली. आपला फाटा त्या रेखांशाच्या सुमारे पाच अंश पश्चिमेला. म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या साधारण २० मिनिटं मागे असतो. माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे घड्याळातले बारा आणि खरी माध्यान्ह यांच्या फटीत 'माइनक्राफ्ट'चा एक अख्खा दिवस मावतो. सांगायचं हे, की दिवस कुठे सुरू करायचा, किती वेगाने चालवायचा, कुणाच्या सोयीने, हे नेहमी माणसंच ठरवत आली. गेमने ते फक्त उघड केलं.

मग उरतं काय? आज तंत्राची अडचण राहिलेली नाही. सूर्य म्हणजे एक फिरता दिवा, त्याच्यासोबत सावल्या आणि आभाळाचा रंग बदलत नेणं संगणकाला जमतं. पण बहुतेक गेममधली रात्र अजून दोनच प्रकारची आहे : भिण्याची किंवा टाळण्याची. तिसरी, राबण्याची आणि सोबतीची रात्र, क्वचितच भेटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' जगभर नेला. तो ओपन वर्ल्ड नाही, पण महाराष्ट्रात बसून जगासाठी गेम करता येतो, हे त्याने दाखवलं. उद्या हिंगोली, कळमनुरीचं एखादं पोरगं असा गेम करायला बसलं, तर त्याच्या जगात रात्री दोन वाजता काय असेल? झोंबी असतील, तर ते आधीच पुष्कळ झालेत. पण मोटार चालू करायला निघालेला शेतकरी, चहाची टपरी उघडी ठेवणारा माणूस, सप्ताहात पहाऱ्यावर उभा असलेला वीणेकरी, बाळंतिणीजवळ बसलेली म्हातारी असेल, तर ती रात्र जगाला नवी वाटेल.

त्या पोराकडे यासाठी लागणारं साहित्य आधीच आहे. आपल्या गावातल्या जाग्या माणसांची यादी त्याने एका रात्री करावी. दर प्रहराला कोण जागं आणि कशासाठी, एवढंच लिहावं. गेमचा आराखडा तिथूनच सुरू होतो.