तळटीप : रत्नागिरीच्या तव्यावरचे क्यूबन सँडविच

१२. क्यूबन सँडविच : भाजलेले डुकराचे मांस, हॅम, स्विस चीज, मुरवलेली काकडी आणि मोहरी लांबट पावात भरून तो गरम पत्र्यावर दाबून भाजतात. फ्लोरिडातील टँपा येथे सिगार कामगारांच्या वस्तीत ते रुजले. तिथे त्यात सलामीही घालतात. ‘चॉप्ड’ प्रकारात आतले सारे जिन्नस एकत्र बारीक चिरतात, म्हणून प्रत्येक घासात सगळ्या चवी येतात. रत्नागिरीत घरी करताना भाजलेले चिकन वा मटण चालेल. काकडीच्या चकत्या मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवून घट्ट पिळाव्यात, नाहीतर पाव ओला होतो. भिजवलेली मोहरी व्हिनेगर घालून वाटावी. मांस, चीज, काकडी सुरीने एकजीव चिरून, मोहरी लावलेल्या लादीपावात भरावे. पावाला बाहेरून लोणी लावून तो मंद आचेवर तव्यात ठेवावा, वर पाणी भरलेले जड पातेले ठेवावे. दोन्ही बाजू खरपूस होईतो आतले चीज वितळते. डुकराचे मांस वगळले तर मूळ चव बदलते, हे खरे. पण काकडी, मोहरी आणि दाब ही तीन अंगे मात्र वगळू नयेत. (सं.)